माझ्या घरात राहणारे दोनशे चौदा

५ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहीत नाही, तू घेणार नाहीस. खुशाली विचारत नाही, ती मला दवाखान्यातल्या सिस्टरकडून कळते. हे पत्रही तिच्याकडेच देते आहे. शनिवारी तुझ्या छोटीचं इन्शुलिन न्यायला तू डोंगरावरून खाली आलीस की ती बाटलीबरोबर पिशवीत टाकेल. ओलं फडकं बाटलीला गुंडाळ, कागदाला नको. चौथीत शाळा सोडलेली बाई मी, एवढं लिहायला मला दोन दिवस लागतात. शाई फुटली तर पुन्हा लिहिणार नाही.

परत जाताना तू मागच्या गल्लीनं जातेस, माझं दार लागू नये म्हणून. तीन वर्षं जाते आहेस. जा. माझे गुडघे गेलेत, डोळे शाबूत आहेत.

लिहायचं कारण वेगळं आहे. मला दवाखान्याच्या समितीवर घेतलंय. हसू नकोस. वरून हुकूम आलाय की समितीत चार माणसं लोकांमधली हवीत आणि त्यातली एक तरी साठीच्या पुढची बाई हवी. आपल्या भागात तशा सात. दोघींना ऐकू येत नाही, तिघी मुलांकडे गेल्यात, एक म्हणाली नवऱ्याला विचारून सांगते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. उरले मी.

अध्यक्ष आपले हेडमास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी टेबलावर पेन आपटायची सवय गेली नाही. मला म्हणाले, "आजी, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका. यायचं, चहा घ्यायचा, सही करायची."

मी म्हटलं, "चहा घेईन."

काल पहिली बैठक झाली. आपल्या दवाखान्याला एक जादा सिस्टर मिळणार आहे आणि औषधांसाठी एक फ्रीज, उन्हावर चालणारा, वीज गेली तरी बंद पडत नाही असा. एकच सिस्टर, एकच फ्रीज. द्यायचं कुठं ते समितीनं ठरवायचं. एक म्हणजे खाली आपल्याच दवाखान्यात ठेवायचं आणि दुसरी खिडकी उघडायची, म्हणजे रांग निम्मी होईल. नाहीतर वर तुमच्या खाणवस्तीत एक खोली घेऊन तिथं बसवायचं.

मोठ्या कचेरीतले साहेब आकडे घेऊन आले होते. गेल्या वर्षी खाणवस्तीतून दवाखान्यात आलेले रुग्ण, अकरा. साडेतीनशे घरांतून वर्षाला अकरा! साहेब म्हणाले, "डोंगरावरची हवा चांगली असणार." सगळे हसले. मग दोन्ही खालीच ठेवायच्या बाजूनं सगळ्यांचे हात वर झाले.

माझाही झाला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून सांगते. आकडे छापलेले होते, त्यावर मी काय बोलणार?

हे अजून पक्कं नाही. पुढच्या महिन्यात जाहीर बैठक आहे, तिथं लोकांसमोर वाचून मग शिक्का.

आई

१८ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. पण सिस्टर म्हणाली, तू तिथंच बाकावर बसून वाचलंस आणि घडी घालून नेलंस. फाडलं नाहीस एवढं पुरे.

आता ऐक. त्या अकराच्या आकड्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. दर शनिवारी खाण बंद असते, आणि त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बूट धुळीनं पांढरे झालेली माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात. मी स्वतः बघते. एका शनिवारीच अकराच्या वर भरतील. मग ते कागदावर जातात कुठं?

सोमवारी माझ्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाला म्हटलं, "बाबा, गेल्या वर्षीची वही दाखव."

"आजी, ती कुणाला दाखवायची नसते."

"मी समितीवर आहे."

"तुम्ही?" असं म्हणाला तो. पण दाखवली.

मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी फक्त शेवटचा रकाना बघत गेले. राहणार. राहणार गल्ली सहा, शेवटचं घर. खाली पुन्हा गल्ली सहा, शेवटचं घर. पान उलटलं, पुन्हा तेच. कारकून मला म्हणाला, "आजी, तुमच्या घरात केवढी आजारपणं. घर तरी बदला."

त्याला काय रागावणार, ते सगळं मीच केलंय.

तुला आठवत असेल. सुरुवात तुझ्यापासूनच झाली. छोटीच्या वेळी तू पाचव्या महिन्यात तपासायला आलीस तेव्हा याच्या आधीच्या कारकुनानं तुला खिडकीवरून परत पाठवलं होतं. खाणवस्तीचा दवाखाना खिंडीच्या पलीकडचा, तिकडे जा म्हणाला. अर्ध्या दिवसाची वाट, आणि तुझे पाय सुजलेले. मी मागून म्हटलं, "लिही, माझ्याकडे राहते. गल्ली सहा, शेवटचं घर." त्यानं लिहिलं. मग तुझ्या शेजारणीनं तेच सांगितलं. मग तिच्या दिरानं. मग सगळी खाणवस्तीच खिडकीवर तोंडपाठ माझा पत्ता सांगायला लागली. मला बरंच वाटायचं त्याचं. आपण कुणाच्या उपयोगी पडलो म्हणून नाही, त्या कारकुनाची जिरली म्हणून.

दोन वर्षांपूर्वी नियम बदलला आणि खाणवस्ती आपल्या दवाखान्याला जोडली. मला हे परवा कळलं. कागद भिंतीवर चिकटवलाय, पण दाराच्या मागे. दवाखाना उघडा असला की दार त्याच्यावर असतं. दवाखाना बंद झाल्यावर वाचायचा बहुतेक. त्यामुळे लोक अजून माझाच पत्ता सांगतात आणि नवा कारकून मान खाली घालून लिहितो.

मी मोजलं. दोन दिवस लागले, बोटं धरून, एक माणूस एकदाच धरून. एका वर्षात माझ्या घरात दोनशे चौदा माणसं आजारी पडली. त्यात नऊ बाळंतिणी. घर तुला माहीत आहे, दोन खोल्या आणि मोरी.

छोटीही त्या वहीत आहे. वय आठ, राहणार गल्ली सहा, शेवटचं घर. दर शनिवारी एकदा, बावन्न वेळा. कागदावर ती माझ्याजवळच राहते.

आई

२ मार्च

धाकटे,

जाहीर बैठकीला बारा दिवस आहेत. तू मनात म्हणत असशील, कळलंय तर म्हातारी बोलत का नाही.

कारकुनाला सांगितलं तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आजी, खोट्या नोंदी म्हणजे माझी नोकरी जाईल. दोन पोरं आहेत मला." मी म्हटलं, तू नुसतं लिहिलंस, सांगणारी मी. तो म्हणाला, चौकशीत असं कुणी बघत नाही.

हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेन आपटलं नाही, यावरूनच समजलं की प्रकरण जड आहे. म्हणाले, "आजी, खरं आहे तुमचं. पण खालच्या लोकांना दुसरी खिडकी मिळणार असं आधीच कळलंय. तुम्ही आता तोंड उघडलंत तर गल्लीत राहणं मुश्कील करतील. शिवाय लोक म्हणणार, पोरगी वर दिलीय म्हणून म्हातारीला पुळका आला."

"मग काय करू?"

"मी काय सांगणार? मी अध्यक्ष आहे." हे त्यांचं उत्तर. इतकी वर्षं पोरांना उत्तरं विचारली, स्वतः द्यायची वेळ आली की अध्यक्ष.

मी बोलत नाही त्याचं कारण ते दोघं नाहीत. गल्लीला मी भीत नाही, गल्ली मला भिते. कारण असं की मागं एकदा मी फार खात्रीनं बोलले होते.

छोटी पाच वर्षांची होती. तुम्ही दोघी आठ दिवस माझ्याकडे राहायला आला होतात. पोरगी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती, गादी ओली करत होती आणि वाळत चालली होती. तू म्हणालीस, "आई, हिला दाखवायला नेऊ या." मी म्हटलं, लाडावून ठेवलीयस. म्हटलं, पाणी तोड तिचं, दोन दिवसांत गादी कोरडी होते की नाही बघ. तू ऐकलं नाहीस म्हणून पाण्याचं भांडं मी फळीवर ठेवलं, तिचा हात पोचणार नाही तिथं. तिसऱ्या दिवशी ती उठवून उठेना.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, पाणी कुणी बंद केलं? तू म्हणालीस, "मी." मी तिथंच उभी होते. मी तोंड उघडलं नाही. नंतर गल्लीत सगळ्यांना सांगितलं की पोर अचानक आजारी पडली. अजून तेच सांगते.

माफी मागायला हे लिहीत नाही. माफीचं तू करशील काय? ती काही फ्रीजमध्ये ठेवून पोरीला टोचता येत नाही. लिहिते एवढ्यासाठी की गेल्या उन्हाळ्यात घरातल्या उकाड्यानं तुझ्या दोन बाटल्या वाया गेल्या आणि छोटीला पुन्हा भरती करावं लागलं, हे सिस्टरनं मला सांगितलंय. हा उन्हाळा येतोय. फ्रीज खाली राहिला तर पुन्हा तेच.

हेडमास्तरांना मी एवढंच म्हटलं की जाहीर बैठक शनिवारी घ्या, माझ्या गुडघ्यांना शनिवार बरा पडतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घेतली शनिवारी.

आई

१५ मार्च

धाकटे,

तू काल व्हरांड्यात खांबाजवळ होतीस. आतलं तुला अर्धंच ऐकू आलं असेल आणि लोक वर जाऊन भलतंच सांगतील, म्हणून लिहिते.

साहेबांनी आकडे वाचले. खाणवस्ती अकरा, गल्ली सहा दोनशे बत्तीस. मग म्हणाले, "खाणवस्तीत साखरेचा एकही लहान रुग्ण नाही, त्यामुळे तिथं फ्रीजची निकड दिसत नाही." मग हेडमास्तर म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" हे असं विचारलं की कुणी काही विचारायचं नसतं.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, गल्ली सहाच्या दोनशे बत्तिसांतले दोनशे चौदा माझ्या घरचे आहेत."

"कुटुंब मोठं आहे का, आजी?"

"मी, मुलगा आणि सून."

लोक हसले. मी सगळं सांगितलं, पत्ता कुणी दिला, का दिला, दारामागचा कागद, सगळं. कारकुनाची चूक नाही, हे दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "आजी, तोंडी बोलण्यावर आकडे बदलत नाहीत. पुरावा काय?"

तेवढ्यात मागून आपली शेजारीण ओरडली, "नातीसाठी चाललंय सगळं! स्वतःचं रडगाणं!"

म्हटलं, "हो, नातीसाठीच. तू काय माझ्या नातीसाठी उठणार होतीस? पण एका नातीनं दोनशे चौदा होत नाहीत."

मग मी दारापाशी गेले. एवढं तू पाहिलंस. व्हरांड्यात रांग होती, नेहमीची शनिवारची. मी म्हटलं, "माझ्या घरात राहणाऱ्यांनी हात वर करा."

पहिल्यांदा कुणी हलेना. त्यांना वाटलं, आता धरून नेतात. मग तो दमेकरी दगडफोड्या, डोक्याला टॉवेल बांधलेला, त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "मी सहा वर्षं राहतो आजींकडे. घर अजून पाहिलेलं नाही." त्यावर हशा झाला, आणि मग एकेक हात वर यायला लागला. ती पोटुशी बाई. ते दोघं भाऊ. पट्टी बांधलेला ड्रायव्हर. साहेब चष्मा काढून मोजायला लागले. एकवीस झाले. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "यातल्या निम्म्यांना तर मी ओळखते. मला वाटायचं तुम्ही सगळे गल्ली सहाचेच." रोज तपासतात त्या लोकांना, राहता कुठं एवढं कधी विचारलं नव्हतं.

तुझा हात शेवटी वर गेला, बाविसावा. तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तुला अवघडायला नको म्हणून, असं म्हणणार होते. पण मलाच अवघडलं.

आत परत आले तर हेडमास्तर उभे होते. त्यांनी पहिल्यांदा काही कामाचं केलं. म्हणाले, "वहीत दिसतो तो आलेला माणूस. जो येऊच शकला नाही, तो वहीत नाही. घरोघर जाऊन मोजल्याशिवाय शिक्का मारू नये असं माझं मत." साहेब म्हणाले, मोजायला माणसं नाहीत. मागून दोन-तीन बायका म्हणाल्या, "आम्ही मोजतो."

महिनाभर निर्णय थांबला. शेजारणीनं घरी जाताना माझ्या अंगणात थुंकल्यासारखं केलं. थुंकली नाही.

अजून एक. बैठक संपल्यावर लोक पांगत होते, तेव्हा शेजारीण म्हणाली, "एवढा नातीचा जीव, मग ती तुझ्या दारात का येत नाही?" मी तिला खरं ते सांगितलं. भांडं फळीवर मी ठेवलं होतं, पाणी मी तोडलं होतं, पोरीच्या आईनं नाही. दहा-बारा जणांनी ऐकलं. तू तेव्हा औषध घेऊन निघून गेली होतीस.

आई

१६ एप्रिल

धाकटे,

मोजणीच्या बायका तुझ्याकडे येऊन गेल्या असतील. मागच्या आठवड्यात आकडे वाचले. खाणवस्तीत दाबाचे एकसष्ट, साखरेचे एकोणीस, पोटुशा चौदा. दम्याचे मोजता मोजता त्या बायका दमल्या. साखरेची लहान मुलं तीन. छोटी धरून तीन. बाकीच्या दोघांच्या आया तुला माहीत होत्या का? मला वाटत होतं, आपलीच एकटी आहे.

नवी सिस्टर आठवड्यातून चार दिवस वर, दोन दिवस खाली. फ्रीज वर, खाणीच्या जुन्या हजेरीच्या खोलीत. मेपर्यंत बसवतो म्हणालेत, म्हणजे तू रोज जाऊन विचार, म्हणजे मेपर्यंत बसेल. दुसरी खिडकी नाही. गल्लीत माझ्याशी तीन घरं बोलत नाहीत. त्यातल्या दोघांचं बोलणं मला आधीही आवडत नव्हतं.

कारकुनाला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. आम्ही दोघांनी पाच दिवस बसून वही दुरुस्त केली. चुकीच्या पत्त्यावर लाल रेघ, वर खरा पत्ता, बाजूला डॉक्टरीणबाईंची सही. छोटीच्या बावन्न ओळी मी त्याला करू दिल्या नाहीत. अक्षर वाईट आलंय, पण वाचता येतं. राहणार खाणवस्ती.

मला समितीतून काढलं. साहेब म्हणाले, खोटा पत्ता देणाऱ्या सदस्याला ठेवता येत नाही. बरोबर आहे त्यांचं. आता नियम केलाय की खाणवस्तीनं आपलं माणूस आपण निवडून पाठवायचं. मी कुणाचं नाव सुचवलं नाही. मला कुणी विचारलंही नाही. काल सिस्टर सांगत होती की तुम्ही हजेरीच्या खोलीत जमलात आणि तुझं नाव निघालं, आणि तू विचार करते म्हणालीस.

विचार कर. पण गेलीस तर काही गोष्टी सांगून ठेवते. पहिल्या बैठकीला तुलाही चहा घ्या, सही करा म्हणतील. वाचल्याशिवाय करू नकोस. कळलं नाही तर मोठ्यानं वाचायला सांग, लाज त्यांना वाटू दे. 'सर्वानुमते' असं लिहिलेलं दिसलं की त्यात आपलं मत कधी विचारलं ते आठवून बघ. आणि आकडा आला की पहिला प्रश्न हाच, कुणी मोजलं आणि कुठं बसून मोजलं.

पहिल्याच बैठकीत गल्लीवाल्यांचा अर्ज येणार आहे. नव्या सिस्टरचे वरचे चार दिवस कमी करून तीन करा, एक दिवस खाली द्या, म्हणून. अर्ज खोटा नाही. खाली जखमा असलेले अकरा जण आहेत, त्यांना एक दिवसाआड पट्टी बदलावी लागते, पण पट्ट्यांचं काम नव्या सिस्टरकडे, म्हणून सध्या आठवड्यातून दोनदाच होते. त्या अकरांत सातवं नाव माझं आहे. मार्चच्या शेवटी नळावर घसरले, नडगीवर खोल लागलंय, भरत नाही. शेजारीण नाव लिहून घ्यायला आली तेव्हा मी नाही म्हटलं नाही, कारण पाय खरंच दुखतो.

तर माझ्या नावाशी थांबू नकोस. अकराही नावं वाचून घे, मग वरचे किती ते त्यांच्यासमोर मांड, मग हात वर करायचा का खाली ठेवायचा ते ठरव. आईचा पाय म्हणून वर करू नकोस. आईनं पाणी तोडलं होतं म्हणून खाली ठेवू नकोस.

बैठक मेच्या पहिल्या गुरुवारी, अकरा वाजता. त्या दिवशी नवी सिस्टर खाली असते, म्हणजे मी व्हरांड्यात पट्टीच्या रांगेत असेन. बैठक चालू असताना उठून बाहेर येऊ नकोस, सदस्यांनी मधेच उठलेलं चालत नाही. रांग लांब असते. ती संपायला तुमची बैठक संपेपर्यंत तरी वेळ लागतो.

आई